वहिनीसाठी माइक

माझ्या दादाने आयुष्यात एकही काम वेळेवर पुरं केलं नाही, आणि त्याला त्याची लाज तर नव्हतीच, उलट थोडा अभिमानच होता. तो गिटारी दुरुस्त करतो. पहिल्या मजल्यावर त्याची जागा आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि खाली पत्र्याचे डबे ठोकणारा एक कारखाना. गिऱ्हाईक गिटार ठेवून जाताना विचारायचं, "कधी मिळेल?" दादा म्हणायचा, "झाली की." ही 'झाली की' तीन महिन्यांनी यायची, कधी सहा. पण गिटार हातात आली की माणूस तिथेच स्टुलावर बसून वाजवत राहायचा आणि भांडायचं विसरून जायचा. सरस पुरता वाळल्याशिवाय, प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर तपासून झाल्याशिवाय दादा त्या गिटारीवर गाणं वाजवायचा नाही आणि कुणाला वाजवू द्यायचा नाही. "आधी सगळं जुळवायचं, मग वाजवायचं. अर्धवट जुळलेलं ऐकलं की कान बिघडतो," हा त्याचा कायदा होता.

मी त्याची धाकटी बहीण. त्याचं न ऐकणं हा माझा लहानपणापासूनचा उद्योग. त्याने नको म्हटलेली नोकरी मी धरली, नको म्हटलेल्या माणसाशी लग्न केलं आणि मोडू नकोस म्हणाला तेव्हा ते मोडलं. यातल्या दोन गोष्टींत त्याचं बरोबर होतं. कुठल्या दोन, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर माझी सकाळपाळी असते. दीडला सुटले की आधी दादाकडे जायचं, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा आणि सकाळभर ऐकलेल्या तक्रारी तिच्या कानात ओतून मोकळं व्हायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ.

वहिनी कपडे शिवायची आणि शिवताना गायची. ओठांत टाचण्या धरलेल्या असल्या की नुसतं गुणगुणायची. तिचा आवाज काही मोठा नव्हता. फार वर जायचा नाही, ताना-बिना तिला येत नसत. पण ती गायली की शेजारी बसून आपल्यालाच काहीतरी सांगतेय असं वाटायचं, आणि जे सांगतेय ते खरं आहे असंही वाटायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः एक गाणं रचलं होतं, तीन कडव्यांचं. 'खिडकीशी बसले मी, वाट कुणाची नाही' अशी त्याची सुरुवात. दादाने त्याला गिटारीची साथ बसवली. तीस वर्षं दोघं ते गाणं घरातल्या घरात म्हणत आले. तिसऱ्या कडव्यात एका जागी वहिनी जराशी थांबायची, दादाही तिच्याकडे न बघता थांबायचा, आणि मग दोघं एकाच क्षणी पुढे सुरू करायचे. मी ते हजारदा ऐकलं असेल. हजारदा ऐकलं म्हणूनच कुणाला ते रेकॉर्ड करून ठेवायचं सुचलं नाही. रोज मिळणारी गोष्ट कोण जपून ठेवतं?

गेल्या वर्षी वहिनीच्या गळ्यात गाठ निघाली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की गाठ आवाजाच्या नसेला लपेटून बसली आहे. ती काढायची तर नस कापावी लागेल. जिवाला धोका राहणार नाही. बोलताही येईल, कुजबुजल्यासारखं.

"आणि गाणं?" दादाने विचारलं.

डॉक्टरांच्या आधी वहिनीच म्हणाली, "अहो, कुजबुजून कुणी गातं का?"

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर गायचं असेल तर रोज अर्धा तास, त्याहून जास्त नको, नस आधीच थकलेली आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्याच्या जिन्यात दादा मध्येच थांबला आणि म्हणाला, "हिचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं. नीट."

"मग आजच कर की," मी म्हणाले. "हा घे माझा फोन."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गिटारीला खिळे ठोकायला सांगितलं. "फोनमधला आवाज म्हणजे पत्र्याचा डबा, चिमे. तीस वर्षांचा आवाज आहे तो. त्याला कंडेन्सर माइक लागतो."

कंडेन्सर माइक काय असतं ते मला त्या तीन आठवड्यांत नको तितकं कळलं. स्टेजवरचा साधा माइक तोंडाशी धरल्याशिवाय काही ऐकत नाही. कंडेन्सरच्या पोटात कागदाहून पातळ पडदा असतो आणि तो खोलीतलं सगळं ऐकतो. श्वास ऐकतो, बोट तारेवरून सरकलेलं ऐकतो, स्वयंपाकघरात झाकण पडलं तर तेही ऐकतो. "म्हणजे सासूच आणतोयस घरात," मी म्हणाले. वहिनी खूप हसली. तिला सासू नव्हती, ती कसर आता भरून निघेल म्हणाली.

दादाच्या ओळखीचा एक माइकवाला होता. त्याच्या गिटारीची मोडलेली मान दादाने एकदा अशी जोडून दिली होती की सांधा बोटाला लागत नव्हता. तो म्हणाला, "दादा, विकत घ्यायची घाई करू नका. एकेक घरी न्या, ऐका, नाही पटला तर परत आणा, दुसरा देतो." भला माणूस, भल्या मनाने बोलला. पण दादासारख्या माणसाला 'घाई करू नका' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं?

खालच्या कारखान्याला दोन ते अडीच जेवणाची सुट्टी. तेवढाच वेळ ठोकाठोक बंद. तोच वहिनीचा अर्धा तास ठरला. भिंतींना रजया टांगल्या गेल्या. घड्याळ काढून माझ्या पिशवीत आलं. फ्रीजची पिन दोनला काढायची आणि अडीचला लावायची, ही माझी नेमणूक. दुकानाच्या मधोमध स्टँडवर माइक, समोर खुर्चीत वहिनी, तिच्या शेजारी गिटार घेऊन दादा, आणि दाराशी जमिनीवर, पायातल्या चपलासुद्धा काढून, मी.

पहिला माइक मोठ्या पडद्याचा होता, सोनेरी, दिसायला झोकदार. वहिनीचा आवाज त्याच्यात सुरेख आला, पण 'स' आला की सुरी घासल्यासारखा टोचायचा, आणि गिटार पिंपात बसून वाजवल्यासारखी घुमायची. दादाने तिला फक्त पहिली ओळ म्हणायला सांगितली होती. त्याचंही त्याच्याकडे कारण होतं. त्या ओळीत 'ख' आहे, 'श' आहे, 'स' आहे, सगळे अवघड वर्ण आहेत. शिवाय दोन माइक ताडून बघायचे तर दोन्हींत एकच ओळ हवी, नाहीतर तुलना कशाची करायची? वहिनीने ओळ म्हटली. दादाने हेडफोन लावून दोनदा ऐकली, मान हलवली आणि पुसून टाकली.

"ठेव ना ती," मी म्हणाले.

"कशाला? खराब आहे. जुनं कानात राहिलं की नवं खरं ऐकू येत नाही." मग माइक वीतभर मागे सरकवला. "अगं, परत एकदा."

असं त्या दिवशी अठरा वेळा झालं. वहिनीने अठरा वेळा 'खिडकीशी बसले मी' म्हटलं आणि अठरा वेळा ते पुसलं गेलं.

दुसरा माइक पेन्सिलीसारखा बारीक. त्यात गिटार अशी आली की सहाच्या सहा तारा वेगळ्या मोजाव्यात, पण वहिनीचा आवाज उपाशी माणसासारखा वाटायला लागला. मग दोन्ही माइक एकदम लावून पाहिले, एक तोंडासमोर, एक गिटारीसमोर. पण तोंडासमोरचा गिटारही ऐकायचा, गिटारीसमोरचा वहिनीलाही ऐकायचा, आणि दोन्ही एकत्र केले की आवाज पोकळ व्हायचा. यात चार दिवस गेले. शेवटी दादाने ठरवलं की दोघं एकत्र बसून गातात तर दोघांना एकत्र ऐकणारा एकच माइक हवा. तो कुठला, हा प्रश्न तसाच राहिला. तिसऱ्या माइकला स्वतःचीच बारीक सळसळ होती. चौथा चांगला होता. मला तर चांगला वाटला, माइकवाल्याला चांगला वाटला, वहिनीलाही. दादा म्हणाला, "जवळजवळ आहे." जवळजवळ हा शब्द तो शिवी दिल्यासारखा वापरतो.

तोवर दहा-अकरा दिवस उलटले होते आणि गाणं पहिल्या ओळीच्या पुढे गेलं नव्हतं. एकदा वहिनी आपल्याच नादात दुसऱ्या ओळीत शिरली, तर दादाने हात वर केला. "पुढे जाऊ नकोस. आवाज जपून वापर." जपून वापर, हे शब्द त्याचे. मी दाराशी बसून दात-ओठ खात होते.

त्या दिवशी मी पिशवीतून फोन काढला. वहिनी ओळ म्हणत होती. तिच्या नकळत, त्याच्या नकळत निदान एवढं तरी घ्यावं म्हणून मी बोट बटणावर नेलं. दादाच्या कानावर हेडफोन होते, पाठ माझ्याकडे होती, तरी कसं कोण जाणे त्याला कळलं. कदाचित पिशवीची चेन त्या माइकने ऐकली असेल. तो वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी मुद्दाम घेतलं असतं.

"चिमे, तो ठेव," तो म्हणाला. "तिचा असला आवाज मागे राहायला नको. एवढं माझं ऐक."

त्याचे डोळे लाल झाले होते. मला दया आली. मी फोन पिशवीत टाकला आणि नंतरही काढला नाही. एरवी मी त्याचं ऐकणारी नव्हे, पण त्या वेळी ऐकलं.

वहिनीला मात्र मी स्वयंपाकघरात गाठलं. ती चहाचं पाणी ठेवत होती आणि गळ्यावर हात धरून होती. "वहिनी, तू एकदा ठणकावून सांग त्याला. आज अख्खं गाणं घ्या, माइक खड्ड्यात गेला म्हणावं."

"सांगेन," ती म्हणाली.

"कधी?"

तिने गॅस बारीक केला. "वन्सं, माइक घरात आल्यापासून हे जेवतात, झोपतात. त्याआधीच्या तीन रात्री तुम्ही बघितल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे. अख्खं गाणं झालं की काम संपलं, आणि काम संपलं की मग काय करायचं त्यांनी? माझा आवाज जायचाच आहे. तो असा गेला काय अन् तसा गेला काय."

"तुझं काय पण? तुला नको ते गाणं?"

"मला पाठ आहे," ती म्हणाली आणि साखरेचा डबा माझ्या हातात दिला.

मला दोघांचाही राग आला. त्याचा जास्त, पण तिचाही आला. दुसऱ्यासाठी झिजायची ही सवय बायकांनी एकदा तरी मोडावी, असं मी तिला म्हणणार होते. पण तिचा चेहरा बघून गिळलं. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

पाचवा माइक आला आणि गेला. ऑपरेशनला दोन दिवस उरले तेव्हा माइकवाल्याने सहावा आणून दिला. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतला, राखाडी, रंगाचे पोपडे उडालेला. दादाने तो स्टँडवर चढवला, हेडफोन लावले, एक तार छेडली. मग हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले आणि पुन्हा तार छेडली. तार ऐकू आली, तारेवरचं बोट ऐकू आलं, लाकूड ऐकू आलं, आणि वहिनीने पदर सारखा केला तोही. माझा सख्खा भाऊ मला इतक्या जवळून कधी ऐकू आला नव्हता.

"हाच," दादा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. "आज अख्खं गाणं. तिन्ही कडवी. चल."

दोन वाजले. खाली ठोकाठोक थांबली. मी फ्रीजची पिन काढली. दादाने सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि वहिनीने गायला घेतलं. 'खिडकीशी' आलं. 'बसले मी' आलं. 'वाट' म्हणायला तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं. या वेळी 'बसले'वरच आवाज चिरला. तिसऱ्यांदा पहिल्या शब्दालाच हवा. चौथ्यांदाही तेच. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दाराशी बसून दिसत होत्या. खोलीत इतकी शांतता होती की त्या माइकलाच काय, बहिऱ्यालाही कळलं असतं काय झालं ते.

"उद्या घेऊ," दादा म्हणाला. "रात्रभर विश्रांती मिळाली की सुटेल."

"उद्या सकाळी दाखल व्हायचंय," वहिनी म्हणाली. तेही घोगरं, अर्धं गळ्यातच राहिलेलं.

दादाने हेडफोन लावून ते चारही तुकडे ऐकले, दोनदा. मान हलवली. आणि त्याचा हात आपसूक गेला आणि त्याने ते पुसून टाकले. तीन आठवड्यांची सवय होती ती. हात मागे घेतल्यावर त्याला कळलं. मला कळलं, वहिनीला कळलं. अडीच वाजले आणि खाली डबे ठोकायला सुरुवात झाली.

ऑपरेशन नीट झालं. सगळे म्हणतात तसं मीही म्हणते, जीव वाचला हे महत्त्वाचं. वहिनी आता कुजबुजते, तेही दमून. दुकानातून दादाला हाक मारायची असली की दोन टाळ्या वाजवते. मशीन चालवते, पण खोलीत नुसतं मशीनच ऐकू येतं, आणि मला चहा कधी एकदा संपतो असं होतं. तक्रारी तिला सांगायच्या मी बंद केल्या आहेत. सांगितलं तर ती उत्तर देईल, आणि ते ऐकायला मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागेल. ते माझ्याच्याने होत नाही.

दादा गिटारी आता कबूल केलेल्या तारखेला देतो. मंगळवार म्हटलं की मंगळवारी. नवी गिऱ्हाइकं खूश आहेत. एक जुनं गिऱ्हाईक मला जिन्यात भेटलं, म्हणालं, "ताई, दादांची तब्येत बरी आहे ना? वाजते गिटार, वाजत नाही असं नाही. पण पूर्वी ते असं हातातून सोडत नव्हते." मी म्हटलं, वय झालं. माइक माइकवाल्याने परत घेतला नाही आणि दादाने तो कपड्याखाली झाकून ठेवला आहे.

गेल्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमाराला मी खिडकीवर होते. बिलाची तक्रार, मीटरची तक्रार, चालू होतं नेहमीचं. एक माणूस बाजूला झाला आणि मागे दादा उभा. रांगेत उभा राहून, त्याचा नंबर आल्यावर तो पुढे आला होता. या कचेरीत त्याने दहा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

"काय रे? वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे." त्याने काचेच्या भोकापाशी तोंड आणलं. "तुझ्या फोनमध्ये काही आहे का गं? तिच्या आवाजातलं. कुठलंही. फोनवर काही बोललेली, काही पाठवलेलं."

मी तिथेच फोन उघडून शोधलं. वहिनीने मला कधी बोलून निरोप पाठवला नव्हता. ती लिहायची, पूर्णविरामासकट. फोटो होते, शेकडो. कुणाच्या तरी वाढदिवसाचा एक व्हिडिओ सापडला. त्यात सगळे एकदम बोलत होते आणि मागे कुठेतरी वहिनी म्हणत होती, "अहो, सरका ना जरा." तेवढंच. मी फोन खिडकीखालून सरकवला. दादाने तो कानाला लावून ऐकलं. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली.

"गाणं नाही कुठे?"

"नाही, दादा."

"त्या दिवशी तू घेत होतीस ना? पिशवीतून काढला होतास फोन."

"तू ठेव म्हणालास."

त्याने फोन माझ्याकडे परत सरकवला. त्याच्या नखांखाली सरस वाळलेला होता. तो रागावलेला नव्हता. राग मला सोसला असता.

"जन्मभर माझं ऐकलं नाहीस, चिमे," तो म्हणाला. "तेवढंच बरं ऐकलंस."

मग तो रांगेतून बाजूला झाला आणि दाराकडे गेला. मागच्या बाईने तिचं बिल आत सरकवलं आणि काहीतरी सांगायला लागली. मी बिल हातात धरून बसले. मला त्यावरचा आकडा दिसत नव्हता. दादा म्हणाला ते खरं होतं.